फोटो कशात उघडला

ताई मुलांना कॉम्प्युटर शिकवायच्या, पण माउसला हात लावू द्यायच्या नाहीत. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत ‘ओपन’ लिहायचं, पुढे फाइलचं नाव लिहायचं, की झालं. “आपण फक्त कुलूप दाखवायचं. किल्ली यंत्र शोधतं,” असं त्या समजावत. फोटो असेल तर चित्रांचा प्रोग्राम उघडतो, गाणं असेल तर गाण्यांचा.

ताईंची धाकटी बहीण बेपत्ता होऊन महिना होत आला होता. त्या दुपारी तिचा नवरा आला. पोलिसांना आणखी एक ठळक फोटो हवा होता.

“शेवटचा फोटो तुम्हीच काढलेला ना?”

“हो. काढला, तुम्हाला पाठवला आणि लगेच कामावर गेलो. किती वेळा सांगू, ताई?”

ताईंनी त्या फोटोचं नाव लिहिलं. फोटो उघडला खरा, पण सिनेमा बघायच्या प्रोग्राममध्ये. खाली वेळेची पट्टी होती.

“माझ्या यंत्राला हात लावलात का तुम्ही?”

“मला ते सुरू तरी करता येतं का?” तो हसला. हसू ओठांपाशीच अडलं.

ताईंनी दुसराच एक फोटो उघडून पाहिला. तो मुकाट चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडला. बहिणीचा पुन्हा उघडला, तर पुन्हा सिनेमात. पट्टीवरचा ठिपका सरकू लागला.

फोटो मात्र जागच्या जागी. व्हरांड्याचा खांब, दोरीवरचा टॉवेल, हसत उभी असलेली बहीण.

मग टॉवेल हलला.

“बंद करा ते,” तो म्हणाला. “फाइल खराब झालीय. मी दुसरा फोटो पाठवतो.”

“बघू तर द्या.”

खांबाची सावली फरशीवर लांबत गेली. बहिणीचं हसू मावळलं. समोरचं कुणी बोलत असावं, तशी तिची मान कलली. आवाज कसलाच नव्हता.

“तुम्ही तर लगेच गेला होतात,” ताई हळूच म्हणाल्या.

त्याने आपली खुर्ची जरा मागे सरकवली.

ठिपका पट्टीच्या टोकाला जाऊन थांबला. सगळं पुन्हा स्थिर झालं. बहीण आता पडद्यातून बाहेर पाहत होती. ताईंकडे नव्हे. जरा डावीकडे, त्याच्या खुर्चीकडे.

तो उठला. ताईंच्या पाठीमागून उजवीकडच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

पट्टी केव्हाच संपली होती. बहिणीचे डोळे तेवढे सावकाश खिडकीकडे वळले.