चुन्याचा पट्टा

आधी पाय दिसले. चांगले लांबलचक, बुटातले, आणि वरून खाली येणारे!

शिवकांता अंगणात बसून शेंगांची चटणी कुटत होती. परतीच्या पावसाची सर आत्ताच येऊन गेली होती. घरामागं चांदमारीची उंच दगडी भिंत. लष्कराचा तळ होता तेव्हा शिपाई या भिंतीवर नेम धरायला शिकायचे. आता तिथं घोरपडीसुद्धा फिरकत नव्हत्या. आणि आज त्या ओल्या भिंतीवरून एक धडधाकट माणूस दोरीला लोंबकळत थेट तिच्या अंगणात उतरत होता. वर आणखी हसतही होता!

"ओ! कोन तुमी? चोर हाय का काय?" शिवकांतानं मुसळ उगारलं.

"चोर दिवसाढवळ्या येतो व्हय?" तो जमिनीपासून दोन हात वर तसाच तरंगत राहिला. "चटणीचा वास मात्र लई भारी सुटलाय की."

"उतरा आदी. न्हायतर मुसळ बसंल."

"उतरलो तर बसायचं न्हाय ना?"

तेवढ्यात आतून अप्पांचा, म्हणजे तिच्या वडलांचा, महादेवप्पांचा, झोपाळलेला आवाज आला. झोपेत असले की त्यांच्या तोंडी कानडीच यायची. "यार बंदार, शिवू?" कोण आलंय म्हणून विचारत होते.

तिच्याआधी तोच बोलला. "नम्मोरे री, अप्पा!"

आपलंच माणूस! कुठलं आपलं? कधीपासून? शिवकांताच्या कपाळावर आठी पडली, ती महिनाभर काही उतरली नाही.

माणसाचं नाव रेवणसिद्ध. जवळच्याच मंद्रूपचा. फौजेत डोंगरावरच्या पलटणीत होता, मुदत संपली आणि परत आला. आता म्हणे या ओसाड तळाचं साहस केंद्र होणार होतं. पुण्या-मुंबईची पोरं येऊन चांदमारीवर चढणार, दोरीवरून ओढा ओलांडणार, जुन्या खाणीच्या पाण्यात होड्या वल्हवणार. जागेवरचं सगळं काम रेवणसिद्धच्या हाती होतं.

"सुखाचा जीव दोरीला टांगायला हितं कोन मरायला येतंय?" शिवकांता म्हणाली.

"येत्यात. आन् उतरल्यावर चहा मागत्यात," तो म्हणाला आणि कप पुढं केला.

अप्पा खुलले. तळावर शिपाई होते तेव्हा त्यांच्या चहाच्या टपरीला उसंत नसायची. मागं राहायची खोली, पुढं टपरी, हे सगळं कुण्या साहेबाच्या तोंडी शब्दावर उभं राहिलेलं. साहेब गेला, लष्कर गेलं, शब्द हवेत राहिला. उद्या कुणी 'उठा' म्हटलं, तर बापलेकीनं जायचं कुठं? शिवकांताच्या पोटात ही भीती लहानपणापासून होती. आणि हा बाबा आल्यापासून खोदून खोदून विचारत होता. घर कधीचं? भिंत कुणी बांधली? पावसात गळतं का?

"तुमाला काय करायचंय?"

"सहज."

सहज म्हणे! सहज कुणी दिवसातून तीनदा चहाला येतं? सहज कुणी कप घेताना इतकं हळू घेतं... की बोटाला बोट लागावं? आणि लागलं की ती दिवसभर ते बोट विसरत नव्हती. तो तिला आवडायला लागला होता, आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त संशय यायचा. गोड बोलणारा माणूस आधी ओसरी मागतो आणि मग घर गिळतो, हे काय तिला कळत नव्हतं?

आणि एका सकाळी पुरावाच सापडला. स्वैपाकघराच्या भिंतीवर, बाहेरून, चुन्याचा हातभर पांढरा पट्टा!

शेजारची गुरम्मा बघूनच मटकन बसली. "अगं बया! माझ्या भावाच्या घरावर असाच चुना मारलेला. आठ दिसात घर आडवं झालं."

शिवकांताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घरासाठी आलं, की त्या हसऱ्या तोंडासाठी, हे तिला सांगता आलं नसतं. दुपारी तो आला तेव्हा तिनं उकळता चहा त्याच्यासमोर ओतून दिला, जमिनीवर.

"अवो, ऐका तरी—"

"चहा संपला. या आता!"

दसरा तोंडावर आला होता. दसरा काढायचा म्हणजे घरातली चिंधीन् चिंधी धुवायची, भिंती-जमिनी सारवून घ्यायच्या. शिवकांतानं शेणमाती कालवली आणि सगळ्यात आधी त्या पट्ट्यावरून पोतेरं फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. आता करा म्हणावं काय करायचं ते!

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवरून गोधड्या धुऊन आली आणि जागीच थिजली. मुकादम कोंडीबाची माणसं केंद्रासाठी पडक्या बराकी पाडत पाडत तिच्या घरापर्यंत आली होती. स्वैपाकघराच्या भिंतीला भगदाड पडलं होतं, आणि त्यातून तिची चूल दिसत होती.

"थांबा!" ती किंचाळली. गोधड्या चिखलात पडल्या.

तिच्यापेक्षा मोठा आवाज चांदमारीच्या माथ्यावरून आला. रेवणसिद्ध दोरीवरून अक्षरशः घसरत आला आणि कुदळीसमोर हात पसरून उभा राहिला. तळहात सोलून निघाले होते.

"कोंडीबा, डोळं फुटलं का? चुना मारलेलं सोडून बाकी पाडायचं, सांगितलं हुतं ना!"

"कुटाय चुना?" कोंडीबा वैतागला. "सारी भिंत शेणानं सारवलीया की!"

सगळ्यांनी शिवकांताकडं पाहिलं.

"चुना... पाडायसाठी न्हवता?" तिनं विचारलं.

"फौजेत जे जपायचं त्याला चुना लावत्यात. ह्या तळावरच्या झाडांना चुना हाय. रस्त्याकडंच्या दगडांना हाय. ते काय पाडायला लावला हुता?"

त्या पांढऱ्या दगडांवर उड्या मारत तर ती लहानाची मोठी झाली होती. शरमेनं तिला मान वर करवेना. पण स्वभाव कुठं जाणार?

"मग मला आदी का न्हाय सांगितलं?"

"सांगायला आलो की! तर चहा जमिनीवर."

ती ओठ चावून हसू दाबत होती. "खरं सांगा. घर कशापायी ठेवताय?"

"पोरांना चहा पायजे. केंद्राच्या साहेबाला तसंच सांगितलंय."

"साहेबाला ते. आन् मला?"

मघाशी बेधडक दोरीवरून आलेला तो माणूस पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "चहा करनारी... हितंच ऱ्हावी म्हनून."

"हे आनखी कुनाकुनाला सांगितलंय?"

"मंद्रूपला. आईला." त्यानं हताशपणे तिच्याकडं पाहिलं. "अजून संशय हाय व्हय?"

शिवकांता पुढं झाली. तिनं कोंडीबाच्या माणसांजवळची चुन्याची बादली ओढली. हात बुडवून उरलेल्या भिंतीवर पट्टा ओढला. मग तोच ओला हात तिनं रेवणसिद्धच्या बाहीवर, खांद्यापासून कोपरापर्यंत, सावकाश फिरवला.

"कोंडीबाकाका, ह्येबी जपायचं," ती म्हणाली.

कोंडीबानं कुदळ खाली ठेवली आणि माणसांना घेऊन पलीकडच्या बराकीकडं निघाला. तेवढ्यात अप्पा बाजारातून झेंडूची फुलं घेऊन आले. पडलेली भिंत, चिखलातल्या गोधड्या आणि अंगणात पाठमोरा, पांढऱ्या बाहीचा माणूस. गडबडीत त्यांच्या तोंडून कानडीच आली.

"यार बंदार, शिवू?"

शिवकांतानं चुन्याचा हात पाठीमागं लपवला.

"नम्मोरे, अप्पा," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.