आठ दिवसांचा रकाना

एका पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलं नाही. विसरलो असतो तर माफी मागायला सोपं गेलं असतं. पण विसरलो नव्हतो. ते कुठल्या पुस्तकात, कितव्या पानाशी आहे, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

मी ग्रंथपाल होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर क्रमांक घातले आणि कुणी मोठ्यानं बोललं तरी गप्प बसा म्हणायला लाजलो. सूर्याचं गणित हा माझा छंद. त्याची कुणीतरी चर्चा केली आणि बस डेपोजवळच्या मशिदीतून निरोप आला, की आम्हाला नमाजाच्या वेळांचा कायमचा तक्ता करून द्या. दरवर्षी नवा छापायला नको.

सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना नमाज पढू नये, हे आमच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असतं. तक्त्यात या तीन वेळा सांभाळणं हेच खरं काम. उगवती-मावळती डोळ्यांना दिसते. दुपार मात्र दिसत नाही, ती मोजावी लागते. घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार एक नसते. दोघींतला फरक वर्षात कधी वजा करायचा असतो, कधी मिळवायचा. डिसेंबरच्या शेवटी हे चिन्ह बदलतं.

मी ते आठ दिवस उशिरा बदललं.

म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठ दिवसांत माझा तक्ता दुपारच्या नमाजाची वेळ सात ते तेरा मिनिटं आधी दाखवत होता. सूर्य माथ्यावर यायचाच असायचा आणि तक्ता म्हणायचा, झाली वेळ, उभे राहा. जमात, म्हणजे सगळ्यांचा एकत्र नमाज, सव्वा वाजता होई, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं फक्त बांगीसाहेबांच्या. मशिदीत अजानची बांग देता देता म्हातारे झालेले गृहस्थ. तक्ता काचेत बसवला त्या दिवशी एकदाच भेटलो होतो. त्यांनी दोन्ही हातांत माझा हात धरला होता.

पत्र त्यांचं होतं. अक्षर मोठं, ओळी तिरक्या.

‘सर, सलाम. डेपोतला एक ड्रायव्हर आमच्याकडे यायचा. साडेबाराला त्याची गाडी सुटे, म्हणून तो जमातीला थांबत नसे. तुमच्या तक्त्यावर बोट ठेवून मिनिट बघायचा, चाव्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, नमाज पढायचा, चाव्या उचलायचा आणि पळायचा. दोन वर्षांमागे चार जानेवारीला असाच पढून गेला. दुसऱ्या थांब्यावर गाडी नीट उभी केली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते टेकलंच. प्रवाशांना ओरखडा नाही.

‘त्यानंतर दर जानेवारीत हे आठ दिवस, तक्त्यातल्या वेळेला, कट्ट्यावर चाव्या ठेवल्याचा आवाज येतो. उचलल्याचा येत नाही. मी म्हणतो, भाऊ, आत्ता नको, सूर्य माथ्यावर आहे. तो ऐकत नाही. त्याचं बोट तक्त्यावर आहे, असं मला वाटतं. मी काठी रोवून सावली मोजली आहे. तक्ता चुकला आहे, सर. तुम्हाला बोल लावत नाही. फक्त एक ओळ लिहून पाठवा, तुमच्या सहीनं, की चूक तक्त्याची आहे, तुझी नाही. अल्लाह माफ करणारा आहे हे मी त्याला सांगतोच. पण त्याला ते तक्त्याखाली ज्याचं नाव आहे त्याच्याकडून ऐकायचं असावं.’

मी वही काढली, गणित तपासलं. चूक होती. मग स्वतःला म्हटलं, एकटा राहून माणसाला भास होतात, त्याला काय उत्तर द्यायचं? मग म्हटलं, आणखी एकदा तपासून लिहू. ‘आपलं पत्र मिळालं, तपासून कळवतो’ एवढं लिहिलेला कागदही त्याच पुस्तकात सापडला.

सापडला तो बायकोला. गेल्या महिन्यात पुस्तकं वाटून टाकायला काढली होती. ती स्टुलावर बसून पत्र वाचत राहिली.

“अहो, याला काय लिहिलंत?”

“लिहायचं राहिलं.”

“अकरा वर्षं?” तिनं चष्मा काढला. “खरं आहे म्हणा. निकाहात सगळ्यांना तीनदा विचारतात, तुम्हाला चौथ्यांदा विचारावं लागलं होतं.”

“घसा बसला होता.”

“तो अजून बसलेलाच आहे.” मग आवाज उतरवून म्हणाली, “जाऊन या. जानेवारी लागलाच आहे.”

चार तारखेला गेलो. थंडी होती, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. मशिदीच्या दारात एक पन्नाशीचा माणूस स्टुलावर बसून मनगटी घड्याळाचं झाकण उघडत होता. बांगीसाहेबांचे जावई. आता बांग तेच देत.

“घड्याळं दुरुस्त करतो आणि बांग देतो,” ते म्हणाले. “दोन्हीकडे वेळेशीच भांडण. तुम्ही कोण?”

मी सांगितलं. त्यांनी घड्याळ खाली ठेवलं.

“सासरे गेले, सर. चार वर्षं झाली. शेवटपर्यंत पोस्टमनची वाट बघायचे. आम्ही विचारायचो, कुणाचं पत्र यायचंय, अब्बा? म्हणायचे, ग्रंथपालसाहेबांचं. कामाच्या गर्दीत असतील.”

कामाची गर्दी! मी तेव्हा निवृत्त होतो.

“आत जाऊन बसू का?” मी विचारलं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दोन मिनिटं होती. “बसा की. मी या वेळेला बाहेरच असतो. उजेड बरा पडतो.” आणि उजेडाकडे पाठ करून बसले.

आत फरशी गार होती. चटया गुंडाळून भिंतीशी ठेवल्या होत्या. खिडकीचा कट्टा दगडी, मधोमध घासून गुळगुळीत झालेला. वर काचेत माझा तक्ता. कागद पिवळा पडला होता, पण माझं नाव ठळक दिसत होतं. जानेवारीच्या चार तारखेवर काच बोटाएवढी धूसर होती. मी रुमालानं पुसली. धूसरपणा आतल्या बाजूनं होता.

अंगणात जाऊन मी दोन फरश्यांच्या फटीत बरोबर आणलेली काठी उभी केली आणि सावलीच्या टोकाला खडूची खूण केली. दर दोन मिनिटांनी पुढची खूण. सावली आखूड होत होती, टोक बाजूला सरकत होतं, वहीत असायला हवं तसंच. मला बरं वाटलं. गणितात मला नेहमीच बरं वाटतं.

तक्त्यातली वेळ झाली. खऱ्या दुपारला अजून नऊ मिनिटं होती.

सावली थांबली.

दुपारी सावलीची लांबी थांबल्यासारखी वाटते, हे मला माहीत आहे. पण टोक बाजूला सरकतच राहतं, ते कधी थांबत नाही. मी गुडघे टेकून पाहिलं. टोक खडूच्या रेघेवर होतं. दोन मिनिटांनी तिथंच होतं. चार मिनिटांनी तिथंच. मनगटावरचा सेकंदकाटा मात्र फिरत होता.

डेपोतल्या गाड्यांचा आवाज येईनासा झाला होता. कधी थांबला, कळलं नाही.

आत कट्ट्यावर चाव्या ठेवल्याचा आवाज आला. जुडग्याला काहीतरी पितळी असावं, ते दगडावर थोडं वाजत राहिलं.

मी दारापर्यंत गेलो. आत कुणी नव्हतं. एक चटई उलगडलेली होती.

मग कुणीतरी खोकलं. म्हातारा, मऊ खोकला.

“आत्ता नको, भाऊ,” आवाज म्हणाला. “सरांचं पत्र येऊ दे.”

हा आवाज मी एकदाच ऐकला होता. दोन्ही हातांत माझा हात धरलेला असताना.

मला फक्त बोलायचं होतं. चूक माझी. दोनच शब्द. मी उंबऱ्यावर उभा होतो, तोंड उघडलं होतं. काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितो. भीती वाटली नाही. लाज वाटली. वर्गात बोट वर करून उत्तर न आलेल्या मुलासारखी. मी तोंड मिटलं.

डेपोत हॉर्न वाजला. मागे वळून पाहिलं तर सावलीचं टोक खडूच्या रेघेपासून चांगलं बोटभर सरकलेलं होतं.

जावई दारात तसेच बसले होते.

“पूर्वी आवाज एकाचाच असायचा,” ते घड्याळातून डोळे न काढता म्हणाले. “चार वर्षांपासून दोघांचा.”

“मी लिहून देतो. आत्ता, तुमच्या हातात.”

“माझ्या हातात कशाला, सर? मी काही वाट बघत नव्हतो.” टोमणा नव्हता. त्यांनी नुसतं सांगितलं.

घरी येऊन लिहायला बसलो. एकच ओळ, तरी संध्याकाळ झाली. ‘बांगीसाहेब, चूक तक्त्याची, म्हणजे माझी आहे, ड्रायव्हर भाऊंची मुळीच नाही, आणि तुम्हाला इतकं ताटकळत ठेवलं याचीही चूक माझीच.’ खाली सही केली. सोबत त्या आठ दिवसांचा दुरुस्त रकाना जोडला. पाकिटावर बांगीसाहेबांचं नाव आणि मशिदीचा पत्ता घातला.

बायकोनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“गेलेल्या माणसाला?”

“वाट बघताहेत.”

तिकीट तिनंच चिकटवलं, आणि अंगठ्यानं जरा जास्तच वेळ दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी निघता निघता दुपार झाली. मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण मुद्दाम नव्हतं म्हणायचं धाडसही होत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पेटीसमोर माणूस नव्हता. मागे बंद दुकानाचा दगडी कट्टा. मी पाकीट फटीत अर्धं घातलं, पुन्हा एकदा पत्ता वाचला, आणि सोडलं.

पत्र तळाशी पडल्याचा आवाज आला नाही. मागच्या कट्ट्यावरून मात्र कुणीतरी चाव्यांचा जुडगा उचलला.