कोपरगावला जायची गाडी

"अहो मॅडम, हात लावू नका! हात... लावू नका म्हनतो ना!"

रोहिणीचा हात रेडिएटरच्या झाकणापासून वीतभर अंतरावर थांबला. मिरजगावच्या अलीकडं, भर दुपारी, हायवेच्या कडेला तिची गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि आतून वाफ अशी निघत होती, जणू कुणी रस्सा उकळायला ठेवलाय. समोरच्या दूध डेअरीतून एक तरुण धावत आला. पायात गमबूट, हातात ओलं फडकं, आणि काळजी तर अशी, की गाडी जशी काही त्याचीच.

"पाणी घालायचंय मला. तापलीय ती," रोहिणी म्हणाली.

"तापलीय म्हनूनच उघडायचं न्हाई. उकळतं पानी सगळं तोंडावर येतं. असा चेहरा..." तो अडखळला. "म्हंजे, कुनाचापन असला तरी चेहरा जपायलाच पायजे."

"किती वेळ थांबू?"

"अर्धा तास तरी. इंजिन थंड होईस्तोवर तुमी पन व्हा."

असं म्हणून त्यानं कडुनिंबाखाली एक खुर्ची आणून ठेवली, आणि जिरं घातलेल्या ताकाचा ग्लास तिच्या हातात दिला. रोहिणी गावच्या पोस्टाची ब्रँच पोस्टमास्तर. सही चुकली की म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा परत पाठवणारी. तिला कुणी 'असं करू नका' सांगितलेलं खपत नसे. पण ताक चांगलं होतं, हे तिला मान्य करावं लागलं.

त्याचं नाव अजिनाथ. डेअरीतलं दूध गार ठेवायचं मशीन तो सांभाळायचा, आणि सकाळी टेम्पो घेऊन वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचा.

"आणि गाड्यांचं कुठं शिकलात?" तिनं विचारलं.

"टेम्पोनं शिकवलं. रस्त्यात दहा वेळा बसवून. दुधापरीस इंजिन बरं. तापलं तरी नासत न्हाई."

अर्ध्या तासानं त्यानं फडकं धरून झाकण उघडलं आणि तिच्यापुढं केलं. आतून पांढरा थर चढला होता. "बोअरचं पानी घालता व्हय?"

"तात्या घालतात, माझे वडील. का?"

"तुमच्या बोअरच्या पान्यानं हंड्याला पांढरं कीट धरतं का न्हाई? तेच हितं धरलंय. पन नेमकं बिघडलंय काय, ते आज न्हाई कळायचं. गार इंजिनावर बघावं लागंल. पोस्टातल्या मॅडम ना तुमी? सकाळी तुमी उठायच्या आत तुमच्या वस्तीवरनंच माझा टेम्पो जातो, दूध न्यायला. रोज धा मिनटं बघून जाईन."

"रोज? एका दिवसात नाही कळायचं?"

अजिनाथनं झाकण फिरवता फिरवता तिच्याकडं पाहिलं, आणि लगेच नजर इंजिनात घातली. "कळंल की... पन घाई कशाला करायची?"

घाई होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला रोहिणीच्या आईनंच सांगितली. विजयमालाबाई दुधाची कासंडी घेऊन गोठ्यातून येत म्हणाल्या, "रविवारच्या आत नीट कर बाबा. कोपरगावला जायचंय. हिचं जमवायला."

कथेत अशा वेळी नायकाच्या हातातला पाना खाली पडतो. अजिनाथच्या हातातून काही पडलं नाही. त्यानं मुकाट्यानं गाडीखाली जुना पेपर अंथरला, इंजिनाशेजारच्या पाण्याच्या बाटलीवर पेनानं खूण करायला रोहिणीला सांगितलं आणि टेम्पोत जाऊन बसला. दूध मात्र घ्यायचं विसरला. पाच मिनिटांनी परत आला, मान खाली घालून कासंडी रिकामी करून गेला.

कोपरगावचा हर्षल साखर कारखान्यात केमिस्ट होता. सरळ, निर्व्यसनी. महिन्यापूर्वी येऊन पाहून गेला, तेव्हा रोहिणी आईवडिलांना म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं." खोटं नव्हतंच ते. तिच्या मनात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. कोपरगावकरांचाही निरोप स्वच्छ होता: रविवारी या, नारळ-सुपारी उरकून टाकू, जमत नसेल तर आम्हाला दुसरं स्थळ सांगून आलंय. आणि तात्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. एवढ्या लांब एसटीत बसणं त्यांना शक्य नव्हतं. गाडी चालली तर लग्न जमणार, नाही चालली तर मोडणार. इतकं सरळ होतं सगळं.

बुधवारी पेपर कोरडा होता. बाटलीतलं पाणी खुणेवरच. "गळत न्हाई कुठं," अजिनाथ म्हणाला. मग त्यानं झाकण काढून गार इंजिन सुरू करायला लावलं आणि दोघं रेडिएटरच्या तोंडात डोकावून बसले. बुडबुडे आले तर काम मोठं.

"दिसतात का?"

"नाही."

"नीट बघा."

"बघतेय ना! तुम्ही पाण्यात बघा... माझ्याकडं काय बघताय?"

"बुडबुडं तुमच्या डोळ्यात दिसत्यात का, ते बघत हुतो," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. रोहिणीनं रागवायचं ठरवलं होतं, पण हसू फुटलं आणि राग कुठल्या कुठं गेला. ओट्यावरून आईनं विचारलं, "सापडलं का काय?" दोघंही एकदम म्हणाले, "न्हाई!"

गुरुवारी इंजिन चांगलं तापवून त्यानं ते बंद केलं. "आता पंख्यापासनं हात लांब ठेवा, आन हे दोन पाइप बघा. वरच्याला फडक्यानं, खालच्याला नुसता हात."

वरचा चटका देत होता. खालचा मात्र विहिरीच्या पायरीसारखा गार.

"म्हंजे पानी फिरतच न्हाई. इंजिनातलं इंजिनातच अडकून बसलंय." खालच्या पाइपावर तिची बोटं होती, शेजारी त्याची. दोघांनीही काढून घेतली नाहीत. "मधी एक झडप असती. थर्मोस्टॅट. तापलं की तिनं उघडायला पायजे. उद्या काढून बघू."

शुक्रवारी ती झडप चुलीपाशी आली. सुपारीएवढी पितळी वस्तू, पांढऱ्या किटानं माखलेली. ती दोऱ्यानं उकळत्या पाण्यात सोडायची आणि उघडते का बघायचं, एवढीच परीक्षा. आईनं चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला; शेवटी शेळ्यांच्या भुशाचं टोपलं झाकायचं पातेलं मिळालं. बाहेर ज्वारीत पाखरं हाकलायला कुणीतरी डबा वाजवत होतं. चुलीपुढं दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, पाणी खदखदतंय, आणि दोऱ्याला टांगलेली ती झडप काही उघडेना.

"अजून थोडा वेळ बघू," रोहिणी हळूच म्हणाली.

"आता कितीबी वेळ बघितलं तरी न्हाई उघडायची. मेलीय ती." अजिनाथ दोरा वर ओढत म्हणाला. "नवी आनावी लागंल. मिरजगावात न्हाई मिळत. नगरला असंल... नसंल."

नसेल. त्या एका शब्दावर रोहिणीनं अख्खी रात्र काढली. नसूच दे, देवा. आपण एरवी कुणाची सही चुकलेली सोडत नाही, आणि आज एक झडप मिळू नये म्हणून नवस करतोय, याची तिला लाजही वाटली.

शनिवारी दुपारी अजिनाथ मोटरसायकलवरून आला तेव्हा त्याच्या भुवयांवर धूळ होती. खिशातून त्यानं लहानसं खोकं काढलं.

"मिळाली?" रोहिणीचा आवाज पडला.

"चौथ्या दुकानात."

त्यानं नवी झडप आधी त्याच पातेल्यात सोडली. पाणी तापलं तशी ती हळूहळू, अगदी डोळ्यादेखत उघडत गेली. मग त्यानं ती बसवली, रेडिएटर दोनदा धुऊन काढला, हिरवं कूलंट भरलं आणि रस्त्यावर चक्कर मारून आला. काटा मधोमध आला आणि तिथंच राहिला. "आता कोपरगावच काय, भंडारदऱ्याचा घाटसुद्धा चढंल," तो हात पुसत म्हणाला. हसायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

रोहिणीला राहवेना. "न्हाई मिळाली म्हणाला असतात तर? कोण विचारायला येणार होतं तुम्हाला?"

अजिनाथनं फडक्याची घडी घातली.

"आलं हुतं मनात. तिसऱ्या दुकानातनं परत फिरावं म्हनलं. पन तशी गाडी कुनी दामटली असती तर? तात्या बसनारेत गाडीत. आन..." त्यानं मान वर केली. "मला तुमी लई आवडता. खोटं बोलून थांबवलं असतं, तर तुमच्या तोंडाकडं बघायची हिंमत न्हाई झाली असती जन्मभर."

एवढं बोलून त्यानं मोटरसायकलला किक मारली. ती सुरू होईना. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली, तेव्हा कुठं सुरू झाली. रोहिणी अंगणातच उभी होती.

रविवारी सकाळी तात्या पुढच्या सीटवर बसले, आई मागं, मांडीवर हुरड्याची पिशवी. रोहिणीनं गाडी हायवेपर्यंत आणली. डावीकडं नगर आणि पुढं कोपरगाव. उजवीकडं डेअरी. तिथं तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"का गं? तापली का?" आईनं मागून विचारलं.

किती सोपं होतं! नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. कुणाचं मन दुखलं नसतं, कुणी बोल लावला नसता. जुनी गाडी, तापली, संपलं. काट्याकडं तात्यांचं लक्षही नव्हतं. पण काल जो माणूस स्वतःचं नुकसान होत असताना खोटं बोलला नाही, त्याच्यासाठी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"न्हाई आई. गाडीला काही झालं न्हाई. मलाच जायचं न्हाई कोपरगावला. हर्षल चांगला हाय. पण माझं मन तिकडं न्हाई."

उसाचा ट्रॅक्टर धडधडत समोरून गेला. तात्या तिच्याकडं वळले.

"महिन्यापूर्वी तूच म्हनलीस, तुमी म्हनाल तसं."

"म्हणाले होते. चूक माझी हाय, तात्या. आठवडाभरात बोलायला पाहिजे होतं, बोलले न्हाई."

"मग कुठं हाय मन?"

रोहिणीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. "डेअरीत."

"मला बुधवारीच कळलं हुतं," आई मागून म्हणाली. "पोरगं येतंय दूध न्यायला, आन ही पहाटं उठून वेणी घालतीय."

तात्यांनी खिशातून मोबाईल काढला. "आधी कोपरगावला फोन. त्यांनी सैपाक मांडायच्या आत. माझ्याच तोंडानं सांगतो. त्या बिचाऱ्या गाडीवर न्हाई ढकलायचं." फोन लहानच झाला. तात्यांनी तीनदा माफी मागितली आणि उपरण्यानं कपाळ पुसलं. "वाईट वाटलं त्यास्नी. वाटनारच. आता हितं किती वेळ उभी राहनार? वळव."

डेअरीच्या दारात अजिनाथ कॅन धूत होता. गाडी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. पाण्याची बादली उचलून तो पळतच आला. "कशी काय तापली? मी दोनदा तपासली हुती..."

"गाडी नीट आहे," रोहिणी खाली उतरत म्हणाली.

"मग कोपरगाव?"

"न्हाई जात. तात्यांनी कळवलंय."

अजिनाथनं गाडीतल्या तात्यांकडं पाहिलं, रोहिणीकडं पाहिलं, आणि बादली कुठं ठेवावी ते त्याला समजेना. "मॅडम... तुमी काय सांगताय?"

"आधी मॅडम म्हणायचं सोडा. आणि काल जे बोलून पळालात ना, ते परत बोला. या वेळी थांबून. माझंही उत्तर ऐकून घ्यायचं."

त्यानं बादली खाली ठेवली. ओले हात शर्टाला पुसले. "रोहिणी," तो इतक्या हळू म्हणाला की तिलाच जेमतेम ऐकू गेलं, "मला तुमी..."

"मोठ्यानं बोल रे!" गाडीच्या काचेतून तात्या ओरडले. "ज्यासाठी कोपरगाव सोडलं, ते आमाला पन ऐकू दे की!"

अजिनाथ मोठ्यानं बोलला. दुधाच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि रोहिणीनं सगळ्यांदेखत त्याचा ओला हात हातात घेतला.