राखुंडीची डबी आणि भरली पृथ्वी

आरशात पाहिलं तर दात पांढरेशुभ्र. मग चूळ भरली की पाणी तांबूस का होतं?

चंद्रावरच्या वसाहतीत माती तपासणाऱ्या शास्त्रज्ञ वत्सलाआजींना हे कोडं सुटत नव्हतं, आणि ते सुटल्याशिवाय पृथ्वीवर जाता येणार नव्हतं.

"तुमच्या हिरड्या सुजल्यात," यंत्रमानव वैद्य धन्वाने सांगितलं. "यानात दातांवर उपचार होत नाहीत. भरल्या पृथ्वीपर्यंत बऱ्या झाल्या, तरच परवानगी."

चंद्रावरून पृथ्वी एकाच जागी टांगल्यासारखी दिसते आणि आपल्या चंद्रासारखीच कलेकलेने भरते. त्या दिवशी खिडकीत तिची नुसती कोर होती. आजी कोरीकडे पाहत राहिल्या. तिथे, कराडजवळच्या मळ्यात, थोरली बहीण आक्का वाट पाहत होती. "माझे दात गेले गं वच्छे," ती पडद्यावर म्हणाली होती. "तू ये, माझ्याशेजारी बसून दातांनी ऊस सोल. तो कडकड आवाज तरी ऐकू दे."

"पण आजी, तू रोज दात घासतेस ना?" नात कृत्तिकाने विचारलं. ती चंद्रावरच जन्मलेली. ऊस तिने चित्रातच पाहिला होता.

"म्हणजे काय. आईने शिकवलं तसंच." आजींनी डबी उघडली. आत राखुंडी (दात घासायची राख) होती. प्रयोगशाळेतली वाळकी देठं भट्टीत जाळून त्यांनी ती स्वतः केली होती. बोटावर घेतली की आईची चूल आठवायची. "हिरडीतून रक्त आलं की तेवढी जागा सोडते. दुखऱ्या जागी कशाला बोट लावायचं?"

धन्वाने त्यांना तसेच दात घासायला लावले आणि मग एक रंगाची गोळी चघळायला दिली.

कृत्तिका खुदकन हसली. "आजी, तुझ्या दातांना साडीसारखा काठ आलाय."

खरंच, दात पांढरे होते, पण हिरडीलगत आणि फटींमध्ये गर्द गुलाबी रेघ उमटली होती.

"हा जिवाणूंचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) चिकट थर," धन्वा म्हणाला. "बोट दाताच्या पोटावर फिरतं, कडेला पोचत नाही. तिथला थर हिरडीला त्रास देतो. ती लाल होते, सुजते, तिच्यातून रक्त येतं. तुम्ही ती जागा सोडलीत, म्हणून थर वाढला आणि हिरडी आणखी सुजली. शिवाय राख खरखरीत. ती दाताचं कवच झिजवते."

"मुळाशी कुजत असेल तर पानं पुसून काय उपयोग," आजी म्हणाल्या. "हे मी साऱ्या वसाहतीला सांगत असते."

दातांवर दगडासारखं घट्ट बसलेलं किटण ब्रशने निघत नाही. ते धन्वाने खरवडून काढलं. पुढचं काम आजींचं होतं. मऊ ब्रश दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरका धरायचा, हलक्या हाताने फिरवायचा, सकाळी आणि झोपण्यापूर्वी. फटींमधून दोरा ओढायचा. सुरुवातीला रक्त आलंच. आजींचा हात थांबला.

"सोडायची नाही ती जागा," बेसिनपाशी उभी कृत्तिका म्हणाली.

"अगदी माझ्या आईसारखी बोलतेस."

खिडकीतली कोर भरत गेली, अर्धी झाली, फुगली. चुळीतला तांबूसपणा फिका होत गेला आणि एका सकाळी पाणी नितळ आलं. धन्वाने हिरड्या तपासल्या. त्या घट्ट झाल्या होत्या. "जा," तो म्हणाला. "पण घासणं तिथेही चालू ठेवा."

निघताना आजींनी पिशवीत दोन ब्रश ठेवले.

"दुसरा कुणाला?"

"आक्काच्या नातवाला. त्याचे सगळे दात अजून आहेत."

मग त्यांनी राखुंडीची डबी हातात घेतली, एकदा वास घेतला आणि सगळी राख रिकाम्या कुंडीतल्या मातीत मिसळली.

"येताना उसाचं बेणं (लावायची कांडी) आणते," त्या म्हणाल्या. "इथे लावू. तो वाढेपर्यंत तू दात सांभाळ."

बाहेर निळी पृथ्वी पूर्ण भरली होती. कृत्तिकाने कुंडी खिडकीशी सरकवली आणि ब्रश घ्यायला वळली.