उलट्या श्वासाचा बोअर

प्रयोगशाळेतले दिवे मंद केले होते. आलेख अंधारात जास्त खरं बोलतात, असा प्रा. इरफान मुजावरांचा जुना समज होता आणि त्याला विज्ञानाचा काडीचाही आधार नव्हता.

"बघा मॅडम, हिचंही तेच," ते म्हणाले. "प्रश्न विचारताना तरंग उसळला आणि लगेच आडवा झाला. नापास."

डॉ. सुनंदा औटींनी पडद्यावरचं नाव वाचलं. स्वानंदी बिराजदार, लातूर. वय अठरा.

यंत्रं कुठल्याही प्रश्नाचं उत्तर चुटकीसरशी आणि फुकटात देऊ लागली, तेव्हा उत्तरं पाठ असलेल्या मुलांचं करायचं काय, असा पेच सगळ्याच विद्यापीठांपुढे पडला. बाकीच्यांनी समित्या नेमल्या. सुनंदाबाईंनी यंत्र बनवलं. त्याचं नाव जिज्ञासामापक. दिसायला ती एक टोपी होती, आतून बारीक संवेदकांनी भरलेली. टोपी घालून विद्यार्थ्याने स्वतःला पडलेला एक प्रश्न मोठ्याने विचारायचा, बस्स. माणसाला खरोखर काही कळून घ्यायचं असतं तेव्हा मेंदूत एक ठरावीक लहर उठते. तिला बाई प्रश्नतरंग म्हणत. तो किती वेळ टिकतो ते मोजायचं आणि ज्याचा तरंग टिकेल त्याला प्रवेश द्यायचा. चेहऱ्यावर खोटं आश्चर्य आणता येतं, मेंदूत आणता येत नाही. अशा रीतीने पुण्याबाहेरच्या टेकडीवर जिज्ञासा विद्यापीठ उभं राहिलं, सुनंदाबाई त्याच्या कुलगुरू झाल्या आणि देशभरातून मुलांची रीघ लागली.

तरी एक गोष्ट बाईंना सलत होती. या परीक्षेत पास झालेली बरीच मुलं विद्यापीठात येतच नसत. निम्मे वर्ग रिकामे. पहिल्या आलेल्या एका मुलाने कळवलं होतं, की त्याच्याकडच्या मधमाश्यांनी पोळं बदललंय, तेव्हा आत्ता नको. एक मुलगी जुने रेडिओ उघडून बसली होती, तिने तर फोनही उचलला नाही. जी नापास होत ती मात्र फाटकाशी रडत. नियामक मंडळाने बजावून ठेवलं होतं, पुढच्या वर्षीही जागा रिकाम्या राहिल्या तर विद्यापीठाला टाळं.

"आणि ही खालची जाड रेघ कसली?" बाईंनी विचारलं.

"गोंगाट. नापासांच्या सगळ्या आलेखांत असते. गाळून टाकतो आपण."

"या वर्षी गाळू नका," बाई म्हणाल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आठवड्याभराने स्वानंदी आईला घेऊन टेकडीवर हजर झाली. आईचं नाव महानंदा. बोलण्याचा भार तिनेच उचलला.

"सर, लेकरू वर्षभर नीट झोपलं नाही बगा. कुठं कमी पडलं तेवढं तरी सांगा."

"कमी काही पडलं नाही, ताई. पण प्रश्न तिचा नव्हता." मुजावर स्वानंदीकडे वळले. "कृष्णविवराच्या आत काय असतं, हे तू विचारलंस. हा तुला कधी पडला?"

स्वानंदीने मान खाली घातली. "पडला नाही, सर. क्लासमध्ये दिला होता."

"दिला?"

"टेकाळे सर प्रत्येकाला एक प्रश्न देतात. हमखास चालणारा."

मुजावरांना हसू आलं, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी ते गिळलं. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "परत बसता येतं का?"

"एकदाच. तिसऱ्यांदा टोपी घातली तर मेंदू टोपीलाच सरावतो."

"मग मी वर्षभराचा ड्रॉप घेते," ती म्हणाली.

लातुरात ड्रॉप घेणं ही काही नवलाई नाही. तिथे रिपीटरांच्या वेगळ्या बॅचेस असतात, वेगळ्या खोल्या, वेगळ्या मेस. गल्लीतली माणसं नाव विसरतात, पण कोणाचा कितवा ड्रॉप चालू आहे हे विसरत नाहीत. टेकाळे सर हाडाचे शिक्षक. पूर्वी ते रसायनशास्त्र घोकून घेत, आता तितक्याच निष्ठेने कुतूहल घोकून घेऊ लागले होते. रोज पन्नास प्रश्न लिहून आणायचे. रविवारी खोटी टोपी घालून सराव परीक्षा. चौकातल्या फ्लेक्सवर गतवर्षीच्या यशस्वी मुलांचे फोटो आणि खाली 'कुतूहलाची शंभर टक्के हमी'. त्यातलं एकही मूल प्रवेश घ्यायला गेलं नव्हतं, ही गोष्ट फ्लेक्सवर मावली नसावी.

यंदा स्वानंदीच्या वाट्याला समुद्राच्या तळाचा प्रश्न आला. लातूर आणि समुद्र यांचा संबंध सरांनाच ठाऊक. ती इमानाने तो घोकत राहिली. घोकताना आत एकच गोष्ट ठणकत असायची, की या वेळी तरी माझा नंबर लागेल का? जेवताना तेच, आंघोळ करताना तेच. दिवाळीनंतर मेसच्या पाण्याने तिला कावीळ झाली आणि महानंदाबाईंनी तिला उचलून अहमदपूरकडच्या गावी, शिवलिंगमामाकडे नेऊन ठेवलं.

मामाच्या परसात एक कोरडा गेलेला बोअर होता. लेकरं पडू नयेत म्हणून मामाने त्यावर लोखंडी टोपण बसवून बोल्ट आवळले होते. टोपणाला बोटभर भोक राहिलं होतं. एका सकाळी स्वानंदी बाजेवर पडून उसाचा रस पीत होती, तेव्हा त्या भोकातून शीळ ऐकू आली.

"मामा, हे काय वाजतंय?"

"वारं असंल."

वारं तर पडलेलं होतं. ती उठली आणि तिने भोकावर तळहात ठेवला. हात आत ओढला गेला. दुपारी पुन्हा ठेवला, तर गार हवा बाहेर फुंकली जात होती. जमीन श्वास घेत होती.

फोनवरच्या यंत्राने लगेच उत्तर दिलं. सकाळी हवेचा दाब वाढतो, तेव्हा हवा बोअरमध्ये शिरते. दुपारी दाब उतरतो, तेव्हा ती बाहेर येते. कोरडे बोअर असा श्वास घेतात. स्वानंदीचं समाधान झालं आणि ती पुन्हा समुद्राच्या तळाशी गेली.

मामाच्या बांधापलीकडे सोनटक्क्यांच्या रानातही असाच एक कोरडा बोअर होता. तिने गंमत म्हणून दोन्हींच्या भोकांवर प्लॅस्टिकच्या पिशवीच्या पट्ट्या बांधल्या. पट्टी आत गेली की श्वास, बाहेर फडफडली की उच्छ्वास. मार्गशीर्षात दोघे अगदी जोडीने श्वास घ्यायचे. संक्रांतीनंतर मामाचा बोअर जरा मागे पडू लागला. होळीपर्यंत सोनटक्क्यांचा श्वास भरून झाला तरी याचा सुरूच व्हायचा नाही. चैत्रात तर तो चक्क उलटा झाला. सोनटक्क्यांचा आत ओढायचा तेव्हा हा बाहेर फुंकायचा.

तिने पुन्हा यंत्राला विचारलं. आधी ते म्हणालं, असं होत नाही. तिने पट्ट्यांची चित्रफीत दाखवली, तर म्हणालं, माहिती अपुरी आहे.

त्या क्षणी स्वानंदीला जो आनंद झाला तो तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. तिने एक बोअर बंद करून बघितला, दुसऱ्यावर काही परिणाम नाही. म्हणजे दोघे आतून जोडलेले नव्हते. मग मामाच्या बोअरखाली एवढं काय होतं, जे दिवसेंदिवस सावकाश होत चाललं होतं? पोकळी मोठी होत होती, की वाट अरुंद होत होती?

"काय बघलालीस गं सारखं त्या भोकात?" मामा विचारायचा. "अभ्यास कर की जरा."

"करतेच आहे," ती म्हणायची. समुद्राचा तळ कधीच बुडाला होता.

इकडे टेकडीवर एके सकाळी मुजावर कुलगुरूंच्या खोलीत दार न वाजवता शिरले.

"मॅडम, ती जाड रेघ गोंगाट नाही. तोही प्रश्नतरंगच आहे. दुसऱ्या प्रश्नाचा."

"कशावरून?"

"माझ्यावरून. परवा लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. घरी बसवेना, म्हणून इथे येऊन टोपी घातली आणि माझा लाडका प्रश्न विचारला, मुंग्या झोपेत काय विसरतात? वीस वर्षं मी त्याच्या मागे आहे. तरंग उठला आणि मेला! खालची रेघ मात्र दोरखंडाएवढी. तेवढ्यात फोन आला, नात झाली. रेघ गायब झाली आणि मुंग्या परत आल्या."

"पेढे कुठे आहेत?"

"आणतो. आधी नियम ऐका. मेंदूत एका वेळी एकच मोठा प्रश्नतरंग तगतो, बाकीचे त्याच्याखाली चिरडले जातात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

बाई हळूहळू खुर्चीत मागे टेकल्या. "मग नापास मुलांच्या डोक्यात दुसरा प्रश्न कुठला?"

"तुम्हीच सांगा. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या डोक्यात कुठला असतो?"

बाईंना सांगावं लागलं नाही. माझा नंबर लागेल का?

"म्हणजे ज्याला इथे यायची तळमळ आहे तो त्या तळमळीनेच नापास होतो," त्या म्हणाल्या. "आणि जो पास होतो, त्याच्या डोक्यात मधमाश्या असतात. आपल्यासाठी जागाच नसते."

"त्या लातूरच्या मुलीने टोपीखाली नुसतं 'माझा नंबर लागेल का?' असं विचारलं असतं ना, तर ती देशात पहिली आली असती."

बाईंना हसू आलं नाही. इतकी वर्षं काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण प्रवेशपरीक्षा आठवड्यावर आली होती आणि पद्धत बदलायला मंडळाने साफ नकार दिला. तेव्हा बाईंनी ठरवलं, या वर्षी जो पहिला येईल त्याच्या दारात आपण स्वतः जायचं आणि हाताला धरून त्याला आणायचं. पहिलाच आला तर बाकीचेही येतील आणि विद्यापीठ वाचेल.

पहिली आली स्वानंदी बिराजदार, टोपीखाली बोअरचा प्रश्न विचारून. तिचा तरंग टिकला किती, ते कळलंच नाही, कारण परीक्षा संपली तरी तो उतरायला तयार नव्हता. खाली रेघ नव्हती.

सुनंदाबाई आणि मुजावर गावात पोचले तेव्हा महानंदाबाई पेढ्यांचा डबा घेऊन अंगणातच उभ्या होत्या. टेकाळे सरांचा फ्लेक्स वेशीवर आधीच लागला होता. स्वानंदीने वाकून नमस्कार केला, पाणी दिलं आणि म्हणाली, "मॅडम, मला आत्ता येता येणार नाही."

महानंदाबाईंच्या हातातला डबा कलला. "अगं, काय बोललालीस! वर्ष घातलंस ना ह्याच्यासाठी?"

"हो, आई. मागच्या वर्षी मला दुसरं काही सुचतच नव्हतं." तिने आईच्या हातातला डबा सरळ केला. "अजूनही जायचंय गं मला. पण बोअर उलटा झालाय. पावसाचं पाणी मुरल्यावर तो काय करतो ते बघायलाच हवं. आत्ता गेले तर कधी कळणारच नाही."

सुनंदाबाई सगळी तयारी करून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, तिसरी संधी नाही. जागा राखून ठेवता येत नाही. आज संध्याकाळी पाचला मंडळाची बैठक आहे, त्याआधी तुझा होकार कळला नाही तर विद्यापीठच राहणार नाही. टोपी, टेकडी, सगळं त्यांनी आपल्या हाताने उभं केलं होतं.

स्वानंदीने ते सगळं ऐकून घेतलं. मग ती अगदी मनापासून म्हणाली, "मला परत बसता येत नसेल, तर तुम्ही परत या ना. पुढच्या वर्षी. एक ड्रॉप घेतल्याने काही बिघडत नाही, मॅडम. मी घेतलाय."

मुजावरांनी रुमालात हसू लपवलं. बाई उठल्या. "बरं, दाखव तरी तुझा तो बोअर. मग बोलू."

मुजावर गाडीत जाऊन मंडळाच्या फोनची वाट बघत बसले. महानंदाबाईंनी चहा केला, तो परसात पाठवला, कप तसाच परत आला. पाच वाजले. फोन वाजला. थोडा वेळ मागून घेऊन मुजावर परसाकडे धावले.

कुलगुरू डॉ. सुनंदा औटी उघड्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. साडीला माती लागली होती, तळहात टोपणावर होता. बांधापलीकडे स्वानंदी दुसऱ्या बोअरपाशी उभी राहून ओरडत होती, "हा फुंकलाला!"

"हा ओढतोय!" बाई ओरडल्या. "थांब, हात काढू नकोस!"

"मॅडम," मुजावर धापा टाकत म्हणाले, "मंडळ फोनवर आहे. विचारलंत का तिला? येतेय का ती?"

बाईंनी मान वर केली. त्यांच्याकडे त्या अशा बघत राहिल्या, की जणू त्यांना कुठेतरी पाहिलं आहे.

"कुठे?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा टोपणाला कान लावला.

स्वानंदी बांध ओलांडून जवळ आली होती. तिने आधी बाईंकडे पाहिलं, मग मुजावरांच्या हातातल्या फोनकडे.

"सर," ती हळूच म्हणाली, "त्यांना सांगा, मॅडम पास झाल्या."