मुरलेला चहा आणि चांदीची किटली

"खबरदार निळ्या पाकळ्यांना हात लावलास तर!" नेल ओरडली.

"मग आभाळ कशानं भरू? तुझ्या डोक्यानं?" किटनं चिखलानं बरबटलेली बोटं तिच्यासमोर नाचवली.

उद्या झऱ्याचा सण! ओल्या मातीनं लिंपलेल्या भल्यामोठ्या फळीवर पाकळ्या दाबून चित्र करायचं आणि ते झऱ्यापाशी उभं करायचं, ही डर्बीशायरमधल्या या गावाची जुनी हौस. नेल आणि तिचा धाकटा भाऊ किट इथलेच. चुलतभाऊ आयव्हो मात्र सुट्टीसाठी लँकेशायरहून आला होता.

"पोरांनो, चहा मॅश झालाय!" डॉटआत्यानं गावच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरातून हाक मारली.

"आमच्याकडे चहा 'मॅश' नाही, 'ब्रू' होतो," आयव्हो म्हणाला.

"तुमच्याकडे काय, काहीही होतं!" किट खिदळला.

"आणि टोरांटोत आम्ही नुसता 'मेक' करतो," खुर्चीतले पाहुणे हसत म्हणाले.

हे विल्फकाका! डॉटआत्याचे बालमित्र. बारा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर कॅनडाला गेले, ते परवा अचानक उगवले. तेव्हापासून आत्याचे पाय जमिनीवर नव्हते. पण एक गोष्ट मुलांना खटकत होती. सभागृहातली चांदीची किटली विल्फच्या आईनं गावाला दिलेली. दर सणाला सगळं गाव तिच्यातला चहा प्यायचं. ती किटली आत्या आज संध्याकाळी काकांना आठवण म्हणून देणार होती!

"आत्या, इथं वाढलेला माणूस चहा 'मेक' करतो?" नेलनं हळूच विचारलं.

"इतक्या वर्षांत शब्द विसरतो माणूस! पाहुण्यावर संशय घेता? लाज वाटते का काही?" आत्या उखडली.

तिघंही मागच्या अंगणात आले. "शब्द विसरेल, पण रीत कशी विसरेल?" आयव्हो पुटपुटला. "मी पहिल्यांदा आलो होतो ना, तेव्हा आत्या म्हणाली, चहा मॅश होऊ दे. मला वाटलं, मलाच काहीतरी करायचंय! मी चमचा घेऊन सगळीकडे शोधतोय! आणि करायचं काय? काही नाही! झाकून ठेवायचा आणि लोणच्यासारखा मुरू द्यायचा."

नेलचे डोळे लकाकले. "आयव्हो, तू अगदीच बावळट नाहीस!"

आत जाऊन तिनं चांदीच्या किटलीत चहापत्ती घातली, उकळतं पाणी ओतलं आणि झाकण लावलं. "काका, आम्ही पाकळ्या आणतो. तोवर हा मॅश होऊ द्याल ना? तुम्हाला माहीतच असेल म्हणा."

"माहीत? अगं, माझी आई रोज करायची!" काकांनी बाह्या सरसावल्या.

मुलांनी आत्याला आणि सणाच्या प्रमुख मिसेस हीथकोटना ओढतच आणलं. वाढायच्या खिडकीतून सगळे आत बघू लागले. काकांनी किटलीत डोकावलं, डोकं खाजवलं... आणि तो छान चहा सिंकमध्ये ओतून पुन्हा आधण ठेवलं!

"विल्फ, हे काय चाललंय?" आत्यानं विचारलं.

"मॅश करतोय ना! आईसारखा!"

"तुझी आई तयार चहा फेकायची?" आत्या खिडकीतून आणखी पुढे वाकली. "बरं, झाडावरून पडलास तेव्हा तुझा कुठला हात मोडला होता?"

"डावा! अजून दुखतो गं!"

"विल्फ जन्मात झाडावर चढला नाही. भित्रा होता मेला!"

काकांनी किटली काखोटीला मारून मागच्या दाराकडे धूम ठोकली. पण किटनं मातीचं घमेलं नेमकं दारातच ठेवलं होतं. धप्पकन माणूस चिखलात आणि किटली मागे धावलेल्या आयव्होच्या हातात! थोड्याच वेळात पोलीस त्याला घेऊन गेले. आत्यानं पबमध्ये रंगवून सांगितलेल्या विल्फच्या आठवणी ऐकूनच लबाडानं सगळं रचलं होतं.

आत्या रिकामी किटली पुसत बसली होती. नेलला फार वाईट वाटलं. "आत्या, रागावलीस आमच्यावर?"

"तुमच्यावर? छे गं!" तिनं डोळे पुसले. "मला तो विल्फच असायला हवा होता, म्हणून मी नीट बघितलंच नाही. तुम्ही बघितलंत. चुकलं माझं, पोरांनो."

"शाबास रे पठ्ठ्यांनो!" मिसेस हीथकोट म्हणाल्या. "उद्या चित्रावरचा पडदा तुम्हीच काढायचा!"

"आणि केक?" किटनं लगेच विचारलं.

सगळे हसले. आत्याही हसली. तिनं चांदीच्या किटलीत नवा चहा केला, झाकला आणि मुलांच्या मधोमध येऊन बसली.

"आता कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मुरू दे."