रामनगरला जाण्याआधी

"दीदी, ज़रा फ़ोन पकड़ेंगी? पाँच मिनट."

गंगेच्या घाटाच्या पायरीवर उभ्या मुकुलच्या एका हातात अस्थींचा कलश होता, दुसऱ्यात फोन. फोनवर अकोल्याचे वेणीमाधवकाका होते. पायांमुळे त्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून बायकोचं अस्थिविसर्जन ते फोनवरच बघणार होते.

"द्या," शेजारी उभी असलेली अवनी म्हणाली.

"अरे, मराठी!" मुकुल खूश झाला. "कोणाच्या घरची?"

"कोणाच्याच नाही."

"असं कसं? आडनाव, गाव... काहीतरी असेलच ना!" तो हसत पाण्यात उतरला.

त्याने कलश तिरका केला, आणि अवनीने फोन गंगेत भिरकावला.

ती वळली नाही, पळाली.

नऊ वर्षांची असताना बालगृहातून ती भेलूपूरला, निराधार मुलींना सांभाळणाऱ्या शरदिनीताईंकडे आली होती. आता तिने एकवीस पूर्ण केली होती. गंगेपलीकडे रामनगरला एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, खोलीही मिळाली होती. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. मुकुलने तक्रार दिली तर नोकरी जाणार होती, आणि खोलीही.

मुकुल घाटावर चौकशी करत संध्याकाळी दारात आला तो संतापूनच.

"मी ठाण्यात जाणार आहे."

"जा," शरदिनीताई म्हणाल्या. "पण आधी बसा. या घरात चूक झाली की गोल बसायचं. ज्याला लागलं त्याने सांगायचं, जिने केलं तिने ऐकायचं. भरपाई सगळ्यांनी मिळून ठरवायची."

मुकुलकडून नंबर घेऊन त्यांनी काकांनाही फोन लावला. काका सावकाश बोलले.

"मला तिचं शेवटचं बघायचं होतं. एकदम काळं झालं सगळं. मी हॅलो, हॅलो करत राहिलो..."

अवनीने मान वर केली नाही. "मी तुमचा विचारच केला नाही, काका. मला यांचा राग आला होता."

"माझा? मी काय केलं?" मुकुल उसळला.

"आडनाव विचारलंत."

"आमच्या दूधविनायकाच्या मराठी वस्तीत सगळ्यांनाच विचारतात!"

"म्हणूनच मी तुमच्या गल्लीत येत नाही."

मुकुल हळूच म्हणाला, "मला कळलंच नाही. चुकलं माझं... जाऊ दे, मी तक्रार करत नाही. विसरा."

"विसरू नका!" अवनीचे डोळे भरले होते. "उपकार नकोत मला. काय करू ते सांगा."

उत्तर काकांनी दिलं. "ती जागा दाखव, पोरी. आणि तिथे पिवळी शेवंती सोड. तिला आवडायची."

घाटावर नुसता झेंडू होता. शेवंतीसाठी अवनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा फूलबाजार फिरली. मग ती मुकुलबरोबर नावेत बसली, आणि नाव त्याच पायऱ्यांसमोर थांबली. थंडी होती, धुकं होतं. या वेळी फुलं मुकुलने सोडली आणि फोन अवनीने धरला, दोन्ही हातांनी, घट्ट.

"हात कापतोय तुझा," काका म्हणाले.

"थंडी आहे, काका."

"खोटं बोलतेस. तीही असंच बोलायची." ते हसले, आणि हसता हसता रडले. अवनीने फोन हलू दिला नाही. फुलं दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

"बघितलं," काका शेवटी म्हणाले. "आता तू तुझ्या नोकरीला जा."

फोन बंद झाला. नावाडी परत वळला. मुकुल पाण्याकडे बघत होता.

"सोमवारी जाणार?"

"हो."

"संध्याकाळी मी... पुलाच्या त्या टोकाला थांबलो तर?"

"कशाला?"

"तुम्ही मला आवडता म्हणून."

अवनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वाईट वाटतंय म्हणून बोलताय."

"वाईट तर वाटतंच. पण ते वेगळं. तुम्ही 'विसरू नका' म्हणालात ना, तेव्हापासून... विसरता येत नाहीये."

ती हसली नाही. "मला आधी एकटीने राहून बघायचंय. कुलूप माझं, किल्ली माझी. रोज कोणी थांबलेलं नको."

"बरं..." त्याचा आवाज पडला.

नाव घाटाला लागली. अवनी उतरली, दोन पायऱ्या चढून थांबली.

"रविवारी चहाला ये. पण खोलीत एकच कप आहे. तुझा घेऊन ये."

मुकुल नावेतच उभा राहिला. "आणि जाताना?"

"जाताना," ती म्हणाली, "नेऊ नकोस."